चेहरा कोणाचा दाखवायचा?

जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्राथमिक शाळेचे फेसबुक पेज उघडले की बहुधा तेच ते दिसते. जयंती-पुण्यतिथीची अभिवादने, प्रभातफेरी, वृक्षारोपण, गणवेश वाटप, केंद्रप्रमुखांची भेट. पोस्टखाली चार-सहा अंगठे, तेही बहुतेक शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांचे. पालक तिकडे फिरकत नाहीत, माजी विद्यार्थीही नाहीत. यावर अलीकडे एक उपाय सुचवला जातो : शिक्षकांनी आपसात हलकीफुलकी फोटो चॅलेंज घ्यावीत. कोणी आपला पहिलीतला फोटो टाकावा आणि हे कोणते सर ते गावाने ओळखावे; कोणी आपल्या अक्षरातला फळा दाखवावा, कोणी सध्या वाचत असलेले पुस्तक, कोणी मधल्या सुट्टीतला डबा. या सूचनेबद्दल शिक्षकांमध्ये दोन टोकांची मते आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून इथे दोन कल्पित व्यक्तींना बोलते केले आहे : निवृत्तीला आलेले एक मुख्याध्यापक आणि शाळेचे पेज सांभाळणाऱ्या एक शिक्षिका. मधूनमधून मीही बोलणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

मुख्याध्यापक : मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याकडे शिक्षकांच्या फोटोंना एक इतिहास आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात आदेश निघाला की शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवायचे. कारण काय, तर गळती रोखायची. ज्या वाडीवर फोनला रेंजच नाही तिथल्या गुरुजींनी काय करायचं? शिक्षकांनी विरोध केला, तो काही फोटो काढायची लाज वाटली म्हणून नाही. मग २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ आलं. वर्गात शिक्षकाचा फोटो लावायचा, म्हणजे नेमलेलाच माणूस शिकवतोय की त्याच्या जागी दुसरा कोणी, हे कळावं. दोन्ही वेळा आपला चेहरा पुरावा म्हणून मागितला गेला. शिवाय झाड लावलं, फोटो टाका, कार्यक्रम झाला, फोटो टाका, लिंक भरा. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा शिक्षकांनी उगाच दिलेली नाही. ज्यांच्याकडून इतकी वर्षं फोटो वसूल केले, त्यांना आता गंमत म्हणून फोटो काढा म्हणणं मला तरी पटत नाही.

शिक्षिका : सर, हे सगळं मान्य आहे. पण ते फोटो वरच्या कार्यालयासाठी होते. गावाला त्यातला एकही कधी दिसला नाही, आणि गावानं तो पाहावा असा त्यात काही नव्हताही. मी म्हणते आहे तो फोटो गावासाठी आहे, आणि ज्याला द्यावासा वाटेल त्यानंच द्यायचा. राहिला प्रश्न त्यानं काही होतं का, याचा. २०१४ मध्ये जॉर्जिया टेक आणि याहू लॅब्जच्या संशोधकांनी इन्स्टाग्रामवरचे सुमारे ११ लाख फोटो तपासले. ज्या फोटोंत माणसाचा चेहरा होता त्यांना लाइक मिळण्याची शक्यता ३८ टक्क्यांनी जास्त निघाली, कमेंट मिळण्याची ३२ टक्क्यांनी. चेहरा तरुण की वयस्कर, बाईचा की पुरुषाचा, याचा फारसा फरक पडला नाही. पुढे २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनंच जाहीर केलं की लोक ज्याखाली एकमेकांशी बोलतात अशा पोस्ट आधी दाखवल्या जातील. आपल्या अभिवादनाच्या पोस्टखाली कोण काय बोलणार? पण ‘ओळखा पाहू, हे कोणते सर’ याखाली माणसं हमखास बोलतात. आणि गावात फोन नाहीत असंही आता म्हणता येत नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मध्ये ३६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाली.

इथे दोघांच्याही पुराव्यांची हद्द सांगायला हवी. इन्स्टाग्रामचा तो अभ्यास सर्वसाधारण वापरकर्त्यांच्या फोटोंचा आहे, शाळांच्या पेजचा नाही. चेहऱ्याकडे नजर वळते एवढे त्यातून कळते. नजर वळल्यावर शाळेचे काय भले होते, हे तो सांगत नाही. ‘असर’चे आकडेही घरात फोन आहे एवढेच सांगतात. तो फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो आणि आईला तो कितीदा मिळतो, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या बाजूने, २०१६ आणि २०२२ च्या आदेशांवरचा सरांचा आक्षेप फोटोपेक्षा सक्तीवर आहे. सक्ती काढली तर तो आक्षेप पुष्कळ सैल होतो. मात्र सक्ती खरोखर निघते का, हा या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे.

मुख्याध्यापक : लाइक वाढले म्हणून पट वाढतो का, हे मला आधी सांगा. एप्रिल-मेच्या उन्हात आपण दारोदार फिरतो तेव्हा पालक काय विचारतात? इंग्रजी कितवीपासून आहे, गाडी दारापर्यंत येते का, एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो का. पटावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर पदं ठरतात, पद गेलं की शिक्षक अतिरिक्त. या साखळीत तुमचा पहिलीतला फोटो कुठे बसतो? डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं जे काम त्यांनी केलं, त्याची ती पावती होती. काम आधी झालं, फोटो मागून आले.

शिक्षिका : पट वाढेल असं वचन मी देतच नाही, सर. पण ज्या शाळेशी आपली स्पर्धा आहे तिची पालकाला इमारत माहीत असते, बस माहीत असते, गणवेशाचा रंग माहीत असतो. आपल्या शाळेत शिकवायला कोण आहे हे त्याला माहीत नसतं, आणि आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे ते तेवढंच आहे. काम आधी हवं म्हणता, तर कामाचेच फोटो घेऊ. कोणाचं फलकलेखन सुरेख आहे, कोणी खोक्यांपासून आणि बाटल्यांच्या झाकणांपासून बेरीज-वजाबाकीचं साहित्य केलं आहे, ते दाखवू. एखाद्या महिन्यात आपापलं पहिलीचं पुस्तक शोधायला सांगू. राज्याची पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती १९६७ ची आहे. पंचावन्न वर्षांचे सर, पस्तिशीतली मी आणि पंचविशीतली एखादी आई, तिघांची पहिलीची पुस्तकं वेगवेगळी निघतील. त्याखाली गाव बोलेल, आणि पुण्या-मुंबईला गेलेली आपली जुनी मुलंही बोलतील.

पटाच्या बाबतीत मी सरांच्या बाजूने आहे. फोटो चॅलेंजमुळे प्रवेश वाढले असे सांगणारा पुरावा समोर नसताना मुख्याध्यापकांच्या बैठकीत तसे आश्वासन देणे चुकीचे ठरेल; उद्या पट घसरला तर त्याचे खापरही त्या पेज सांभाळणाऱ्या शिक्षिकेवर फुटेल. पण प्रतिसादाचा उपयोग फक्त पटाने मोजायचा का? पालक सभेला येणाऱ्या आईवडिलांपैकी अनेकांना शिक्षकांसमोर तोंड उघडणे जड जाते. शाळेतून बोलावणे आले म्हणजे काहीतरी तक्रार असणार, हीच त्यांची अनेकदा समजूत असते. ज्या आईने ‘बाई, तुमचं अक्षर किती छान आहे’ एवढे एक वाक्य पेजवर लिहिले आहे, तिला पुढे कधीतरी ‘माझ्या मुलीला भागाकार का जमत नाही’ हे विचारणे थोडे सोपे जाईल, असे मला वाटते. आकड्यात न मावणारा हा लाभ आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीला तो मिनिटांत विचारून पाहता येतो : गेल्या तीन महिन्यांत पूर्वी कधीही न बोललेले किती पालक आपणहून बोलले? लाइकपेक्षा हे मोजमाप मला जास्त विश्वासाचे वाटते. एक गोष्ट अनेकदा विसरली जाते : फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या नियमांत खाते उघडायला वय किमान १३ लागते. म्हणजे प्राथमिक शाळेच्या पेजचा वाचक विद्यार्थी नसतोच. तो पालक असतो, माजी विद्यार्थी असतो, गाव असते. पेज त्यांच्यासाठीच लिहायचे आहे.

आता मला ज्या कारणासाठी ही कल्पना मोलाची वाटते ते सांगतो. आजही शाळांची पेजेस चेहऱ्यांनी भरलेलीच आहेत. ते चेहरे मुलांचे आहेत. गणवेश वाटपाच्या फोटोत मूल एका हाताने गणवेश धरून उभे असते, दुसऱ्या बाजूला पाहुणे, आणि सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असतात. पोषण आहाराच्या फोटोत मांडी घालून बसलेली, घास तोंडाशी नेणारी मुले. वह्या मिळाल्या, चपला मिळाल्या, सायकल मिळाली, चष्मा मिळाला. यांतले प्रत्येक छायाचित्र त्या मुलाच्या घरी काय कमी आहे हे नावागावासह सांगते, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. ते मूल उद्या पंधरा वर्षांचे होईल, महाविद्यालयात जाईल, नोकरीला लागेल. फोटो तिथेच राहील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितली आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. पण कायदा नसता तरी प्रश्न उरलाच असता. शाळेला चेहऱ्याची गरज आहे हे खरे मानले, तर तो चेहरा अशा माणसाचा असावा जो विचार करून हो म्हणू शकतो आणि न घाबरता नाही म्हणू शकतो. दुसरीतले मूल यांतले काहीच करू शकत नाही. शिक्षक करू शकतो. म्हणून माझ्या लेखी फोटो चॅलेंजची खरी किंमत ती मुलांच्या फोटोंची जागा घेते यात आहे. मुलांचे फोटो चालू ठेवून वर शिक्षकांचे फोटो टाकायचे असतील, तर प्रतिसाद वाढेलही, पण शाळा सुधारली असे मी म्हणणार नाही.

मुख्याध्यापक : शिक्षक नाही म्हणू शकतो, हे तुम्ही फार सहज बोलून गेलात. आपल्या शाळेतल्या सहा शिक्षकांपैकी चार बायका आहेत. एकीचा फोटो उचलून कोणी त्यावर घाणेरडं काही लिहिलं, चेहरा दुसऱ्याच शरीरावर लावला, तर निस्तरायचं कोणी? आता तर अशा करामती फोनवरच होतात. एखादीच्या घरी चालत नसेल. एखादीला स्वतःलाच आवडत नसेल. तिनं मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर कारण द्यायचं का? आणि मुख्याध्यापक म्हणून मी नुसतं ‘ज्याला वाटेल त्यानं’ असं म्हटलं, तरी माझ्याच हातात तिचा गोपनीय अहवाल आहे, हे ती विसरेल का?

शिक्षिका : नाही विसरणार. मीही विसरले नसते. म्हणून चेहरा लागणारच नाही असे प्रकार आधी घेऊ. अक्षर, पुस्तकांचं कपाट, डबा, शिवणकाम, परसबाग, शाळेत यायच्या रस्त्यावरचं आवडतं झाड. यात नुसते हात दिसले तरी पुरे. लहानपणीच्या फोटोतला चेहराही आजचा नसतो.

मुख्याध्यापक : मग तुमच्या त्या ३८ टक्क्यांचं काय?

शिक्षिका : कमी मिळतील, सर. मिळू देत.

शिक्षिकेचे हे शेवटचे उत्तर या संवादातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मी मानतो. प्रतिसाद हेच ध्येय असते तर चेहरा सोडता आला नसता. तो सोडायची तयारी असेल तरच बाकीचे सगळे हेतू खरे धरता येतात. पण चेहऱ्याचा प्रश्न सुटला तरी दबावाचा सुटत नाही, आणि त्यासाठी या प्रकारच्या सर्वांत गाजलेल्या मोहिमेकडे पाहावे लागते. २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याचे चॅलेंज पसरले. त्यातून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, आणि त्या पैशातल्या काही संशोधनातून दोन वर्षांनी या आजाराशी संबंधित एक जनुकही सापडले. हलक्याफुलक्या फोटोंतून आणि व्हिडिओंतून गंभीर काम उभे राहू शकते, याचे हे पक्के उदाहरण. पण ते पसरले कसे? प्रत्येकाने बादली ओतून घेतल्यावर पुढच्या तिघांची नावे जाहीरपणे घ्यायची, हा त्यातला नियम होता. नाव घेतलेल्याला चारचौघांत मागे हटणे अवघड जाई. जगभरच्या अनोळखी गर्दीत हे चालून गेले. सहा जणांच्या स्टाफरूममध्ये, जिथे एक जण दुसऱ्याचा अहवाल लिहितो, तिथे ते चालणार नाही. शाळेने फोटो चॅलेंज घ्यायचे तर नाव पुकारण्याची ही पद्धत पहिल्यांदा टाकून द्यावी. पेटीत किंवा पेज सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या फोनवर ज्याचा फोटो येईल त्याचा येईल. कोणाचा आला नाही याची चर्चा स्टाफरूममध्ये नको आणि पेजवर तर नकोच. मुख्याध्यापकांनी स्वतः आधी फोटो द्यावा की सगळ्यात शेवटी, यावर मी बराच विचार केला. साहेबांनीच दिला म्हटल्यावर इतरांना नकार देणे जड होईल, म्हणून त्यांनी शेवटी द्यावा, असे माझे मत झाले आहे.

मुख्याध्यापक : आणि वेळ? शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही, असं लिहिलं आहे. तरी आपली अवस्था तुम्ही बघताच. त्यात दर आठवड्याला एक चॅलेंज?

शिक्षिका : आठवड्याचा आग्रह सोडते. महिन्यातून एक, फोटो घरी काढायचा, तासाला फोन बाहेर काढायचा नाही. आणि सुट्टीच्या महिन्यात काही नाही.

वेळेबद्दल यापेक्षा जास्त बोलण्याची गरज नाही. महिन्यातून एक फोटो हे ओझे नाही आणि त्याहून जास्त करायचे कारण नाही. फोटो कोणत्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न मात्र खोलात जाऊन पाहावा लागतो. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासकीय योजनांची माहिती देताना स्वतःची स्तुती होणार नाही याची काळजी घ्यावी, हा त्यांचा रोख आहे. काही शिक्षकांना यामुळे कोणताही फोटो टाकायची धास्ती वाटू लागली आहे. मला उलट वाटते. या सूचनांनी फोटो चॅलेंजची जागा नेमकी केली : ते शाळेच्या खात्यावर व्हावे, शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यावर नको, आणि एकट्याच्या गौरवापेक्षा सगळ्यांच्या सहभागाचे असावे. याला जोडून आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शाळेचे पेज अनेकदा एखाद्या हौशी शिक्षकाच्या खासगी मोबाइल नंबरवर उघडलेले असते. त्याची बदली झाली की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, पेज तिथेच थांबते, आणि नवे शिक्षक दुसरे पेज उघडतात. मग पालकांना शाळेची दोन-तीन पेजेस दिसतात आणि त्यांतले खरे कोणते ते कळत नाही. कुठलेही चॅलेंज सुरू करण्याआधी पेज शाळेच्या ईमेलवर आणावे, निदान दोघांकडे त्याचा ताबा असावा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी. ज्या शिक्षकाने फोटो दिला आहे त्याने तो काढून टाकायला सांगितला, तर त्याच दिवशी तो निघावा. बदलीनंतरही त्याचा हा हक्क टिकला पाहिजे. कमेंटखाली कोणी वेडेवाकडे लिहिले तर ते उडवायला रोज दहा मिनिटे देणारा माणूस नसेल, तर चॅलेंज घेऊच नये.

मुख्याध्यापक : मॅडम, एवढं सगळं होणार असेल तर माझी हरकत नाही. पण एक अट. आपल्या पेजवर मुलांचे जे जुने फोटो आहेत, गणवेशाचे, जेवणाचे, ते आधी काढा. मग गुरुजी-बाईंचे फोटो टाका.

शिक्षिका : सर, मग पेजवर उरेल काय? चार वर्षांचं सगळं काम त्यात आहे. स्नेहसंमेलन आहे, शिष्यवृत्तीचा निकाल आहे, विज्ञान प्रदर्शन आहे. आणि पालकांनाही ते फोटो हवे असतात, ते स्वतः मागतात.

दोघांचे इथे जमत नाही, आणि माझ्याकडेही सगळ्यांना सुखावणारा तोडगा नाही. पालकांना आपल्या मुलाचा फोटो हवा असतो हे शिक्षिकेचे म्हणणे खरे आहे. पण तो फोटो त्या पालकाला व्हॉट्सॲपवर देता येतो. त्यासाठी तो साऱ्या जगापुढे ठेवावा लागत नाही. स्नेहसंमेलनात रंगमंचावर नाचणारे मूल आणि चपलांचे खोके हातात घेऊन उभे केलेले मूल यांत मी फरक करतो. पहिल्याच्या बाबतीत आईवडिलांना विचारून, मुलालाही त्याच्या वयाप्रमाणे समजावून, नाव न लिहिता फोटो ठेवायला वाव आहे. दुसऱ्याच्या बाबतीत संमती असली तरी तो ठेवू नये, कारण वस्तू मिळण्याच्या क्षणी मागितलेली संमती मोकळी नसते. तेव्हा वाटपाचे आणि जेवणाचे सगळे फोटो काढून टाकावेत, बाकीचे पालकांना एकेकाला विचारून ठरवावेत, आणि पेज काही आठवडे रिकामे दिसले तरी चालेल असे धरावे. त्या आठवड्यांत पहिले चॅलेंज घेता येईल. फळ्यावरच्या अक्षरापासून सुरुवात करावी, कारण ते प्रत्येक शिक्षकाकडे असते, त्यात कोणाचा चेहरा लागत नाही, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी त्याच फळ्यावरून अक्षर गिरवलेले असते.